सीएच३४१ए प्रोग्रॅमर: आठ महिने वापरल्यावर

पंखे पूर्ण वेगात घोंघावतात, स्क्रीन काळीच. बायोसची, म्हणजे सर्व्हर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, सेटिंग लिहिली जात असतानाच वीज गेली की सर्व्हरचं असं होतं, आणि गोव्याच्या पावसाळ्यात वीज जायला फार निमित्त लागत नाही. बोर्डावरचा सीआर२०३२ बटण सेल काढून बघणं ठीक, पण यूईएफआयच्या (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) बोर्डांत बऱ्याच सेटिंग्ज बायोस असलेल्या फ्लॅश चिपच्याच एनव्हीरॅम (सेटिंग्ज साठवायच्या) भागात असतात. सेल काढून त्या पुसल्या जात नाहीत. बीएमसी, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळणारा बोर्डावरचा वेगळा छोटा संगणक, जिवंत असेल तर आधी तिथून बायोस चढवून बघा. तेही जमलं नाही, तरच हा प्रोग्रॅमर: यूएसबीला लावून फ्लॅश चिप थेट वाचणारं-लिहिणारं छोटं बोर्ड.

वस्तू स्वस्त आहे आणि काम करते, पण एक खोट आहे. जुन्या काळ्या बोर्डावर चिपला पुरवठा ३.३ व्होल्टचा, डेटाच्या पिनांवर मात्र ५ व्होल्ट. आधी मीटर लावून बघा. व्होल्टेजचा स्विच असलेलाच घ्या. चिपवरचा नंबरही नीट वाचा: डब्ल्यू२५क्यू१२८जेव्ही ३.३ व्होल्टची, जेडब्ल्यू १.८ ची. एका अक्षराचा फरक, पण दुसरीला १.८ व्होल्टचा अडॅप्टर लागतोच. सर्व्हरवर चिप पुष्कळदा १६ पायांची असते. सोबत येणारी, चिपचे पाय पकडणारी ८ पायांची क्लिप तिथे निरुपयोगी. शेजारी बीएमसीचीही तशीच चिप असते, तेव्हा वाचलेल्या फाइलीत लिनक्स, यू-बूट असले शब्द दिसले तर क्लिप चुकीच्या चिपवर आहे.

दोन्ही पॉवर केबल काढा, पॉवर बटण दाबून धरा, क्लिपची लाल वायर चिपवरच्या ठिपक्याजवळच्या पायाकडे. फ्लॅशरॉम या प्रोग्रॅमने चिप दोनदा वाचा, मधे क्लिप काढून पुन्हा लावा. दोन्ही फाइलींचा शा-२५६ (फाइलीतल्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला नाही तर लिहायचं नावच काढू नका. १६ एमबीच्या चिपची फाइल बरोबर १,६७,७७,२१६ बाइटची हवी. कंपनीच्या साइटवरची बायोस फाइल मोठी निघाली तर तिला बहुधा सुरुवातीला हेडर, म्हणजे जादा माहितीचा तुकडा, चिकटवलेला असतो, तो काढावा लागतो.

इथेच बहुतेकांचा घात होतो. कंपनीची कोरी फाइल जशीच्या तशी लिहिली तर सर्व्हर उठतो, पण सीरियल नंबर, यूयूआयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) आणि काही बोर्डांवर मॅक ॲड्रेसही (नेटवर्क पोर्टचा पत्ता) गायब. म्हणून आपल्याच बॅकअपची प्रत घ्यायची, यूईएफआयटूल या प्रोग्रॅममध्ये एनव्हीरॅम फाइलीत कुठे आहे ते बघायचं आणि हेक्स एडिटरने (फाइलीतले बाइट थेट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) तेवढाच भाग त्याच व्हर्जनच्या कोऱ्या फाइलीतून बसवायचा. मूळ बॅकअप पेन ड्राइव्हवर राहू द्या. लिहायला काही मिनिटं जातात. शेवटचं व्हेरिफाय अर्ध्यावर सोडू नका. पहिल्या बूटला मेमरी पुन्हा तपासली जाते, चार-पाच मिनिटं काळी स्क्रीन दिसली तरी घाबरून वीज तोडू नये.

प्रोग्रॅमर अजून ठणठणीत आहे. क्लिपचं तसं नाही. खाऱ्या दमट हवेत तिच्या दातांवर हिरवा थर चढतो आणि शा जुळेनासा होतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. ठेवायची ती सिलिका जेलची पुडी टाकून घट्ट डब्यात, आणि घ्यायच्या तर दोन.