हेवीवेटमध्ये थोरला कोण? पराभव मोजण्याआधी समोरचा माणूस बघा

चवथीला भाचा घरी आला तो वाद घेऊनच. कुडाळला कॉलेजात शिकतो, संध्याकाळी बॉक्सिंगचा सराव करतो. हेवीवेटमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या वजनगटात, सगळ्यांत मोठा बॉक्सर कोण यावरून तिथल्या पोरांत दोन तट पडलेत. एक तट रॉकी मार्सियानोचा: 49 लढती, 49 विजय, पराभव एकही नाही. दुसरा मुहम्मद अलीचा, पण कारण विचारलं तर ‘अली तो अली’ म्हणून गप्प. गणपतीची माटवी बांधता बांधता भाच्याने मला गाठलं. “मामा, जो कधी हरलोच नाय तोच मोठो ना? माका एकाचेच सामने नीट बघूचे आसत. कोणाचे बघू?”

प्रश्न कामाचा आहे. मोबाइलवर पन्नास जणांचे नॉकआउटचे तुकडे बघून शिकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. एकाच माणसाच्या आठ-दहा लढती पहिल्या घंटेपासून शेवटपर्यंत बघितल्या तर लागतं. मग तो एक कोण, हे ठरवायला मी जी कसोटी लावतो ती त्याला सांगितली. लढत झाली त्या दिवशी समोरचा माणूस कुठे होता? क्रमवारीत पहिल्या पाचांत होता की दहाच्या बाहेर? वय काय होतं? त्याआधी तो कोणाला लोळवून आला होता? नाव किती मोठं, हे मी शेवटी बघतो.

ही सवय मला आंब्याच्या बागेने लावली. पेटीवर ‘देवगड हापूस’ छापलेलं असतं, फळाचा रंग झकास, वास घरभर, आणि सुरी लावली की बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा साका. वरून बोट फिरवून तो कळत नाही. म्हणून पेट्या भरण्याआधी प्रत्येक ढिगातलं एखादं फळ मी कापून बघतोच. बॉक्सरच्या रेकॉर्डवरही सुरी चालवावी लागते.

आधी मार्सियानो, कारण वाद त्याच्यावरून सुरू झाला. त्याच्या मोठ्या विजयांत चार नावं येतात: जो लुई, जर्सी जो वॉलकॉट, एझार्ड चार्ल्स, आर्ची मूर. चौघेही थोर. आता सुरी लावू. ऑक्टोबर 1951 मध्ये लुई 37 वर्षांचा होता, निवृत्तीतून परत आलेला. चार्ल्सकडून हरल्यावर त्याने सलग आठ लढती जिंकल्या होत्या, म्हणजे अगदीच संपलेला नव्हता, पण दहा वर्षांपूर्वीचा लुईही नव्हता. वॉलकॉट 38 चा. मूरही चाळिशीकडे झुकलेला, आणि मूळचा लाइट हेवीवेटचा. चार्ल्सचेही सर्वांत चांगले दिवस त्याच खालच्या वजनगटात गेले होते. तरी वॉलकॉटची ती लढत मी पूर्ण किमतीला धरतो. 23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया. वॉलकॉट त्या दिवशी विश्वविजेता होता, पहिल्याच फेरीत त्याने मार्सियानोला खाली बसवलं, बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर तोच पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा हात जेमतेम फूटभर फिरला आणि वॉलकॉट दोरावर लोंबकळला. वय काढून हा विजय लहान होत नाही. मात्र असे विजय त्याच्याकडे चार-पाच आहेत, पंधरा-वीस नाहीत. जगज्जेतेपद राखायला तो सहा वेळा उतरला आणि 1956 मध्ये थांबला. कोरी पाटी हा त्याचा मान आहेच. पण माझ्या कसोटीवर तो पहिल्या तिघांत येत नाही, आणि हे ऐकून भाच्याचं तोंड उतरलं.

क्रमवारीबद्दलही एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर कोणी म्हणेल, त्या याद्या कोण करतं? ‘द रिंग’ हे मासिक 1922 मध्ये सुरू झालं आणि त्याची क्रमवारी पुष्कळ काळ सर्वांत वजनदार मानली गेली. बॉक्सिंगच्या संघटना नंतर वाढल्या, जेतेपदाचे पट्टेही वाढले, आणि प्रत्येक संघटनेचा पहिला क्रमांक निराळा होऊ लागला. त्यांतल्याच डब्ल्यूबीए या संघटनेने 1964 मध्ये अलीचं जेतेपद काढून घेतलं ते रिंगणातल्या पराभवामुळे नाही, लिस्टनशी लगेच पुन्हा लढण्याचा करार केला म्हणून. 1977 मध्ये तर अमेरिकेतल्या एका दूरदर्शन स्पर्धेसाठी काही बॉक्सरच्या नावावर न झालेल्या लढती चढवल्याचं उघड झालं आणि ‘द रिंग’चंही नाव खराब झालं. तेव्हा यादी डोळे झाकून घ्यायची नाही. त्या माणसाने आधीच्या दोन वर्षांत कोणाला हरवलं हे पडताळून घ्यायचं.

आता अली. त्याच्या विजयांची रास मोठी आहे, पण मला त्यांच्यातलं अंतर जास्त मोलाचं वाटतं. फेब्रुवारी 1964 मध्ये 22 व्या वर्षी त्याने सनी लिस्टनला हरवलं. लिस्टनने त्याआधी फ्लॉइड पॅटरसनला दोनदा पहिल्याच फेरीत झोपवलं होतं, त्याच्यासमोर जायला माणसं कचरत होती. तिथपासून सप्टेंबर 1978 पर्यंत, म्हणजे साडेचौदा वर्षं, अली त्या त्या काळातल्या पहिल्या फळीतल्या माणसांना हरवत राहिला: पॅटरसन, एर्नी टेरेल, झोरा फॉली, जेरी क्वारी, ऑस्कर बोनाव्हेना, केन नॉर्टन, जो फ्रेझियर, जॉर्ज फोरमन, रॉन लाइल, अर्नी शेव्हर्स, शेवटी लिऑन स्पिंक्स. आणि मध्ये 43 महिने त्याला लढूच दिलं नव्हतं. पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची ती वर्षं, बॉक्सरच्या आयुष्यातला ऐन मोसम.

एक फळ जवळून कापू. 30 ऑक्टोबर 1974, किन्शासा. फोरमन 25 वर्षांचा, 40 लढती, 40 विजय, त्यांतले 37 नॉकआउट. फ्रेझियरला त्याने सहा वेळा खाली पाडून दुसऱ्या फेरीत संपवलं होतं, नॉर्टनलाही दुसऱ्याच फेरीत. या दोघांनीही अलीला आधी हरवलेलं. अली 32 चा. म्हणजे समोरचा वयाने चढता, अपराजित, आणि अलीला जड गेलेल्या माणसांना फुंकरीसरशी उडवणारा. याहून कठीण परीक्षा कागदावर मांडता येणार नाही. अलीने दोराला पाठ टेकली, कोपरं आवळली आणि फोरमनला मारू दिलं. दोर सोडून तो पुढे आला तेव्हा आठव्या फेरीत काय झालं ते भाच्याला मी चार वेळा थांबवून दाखवलं. डावा, मागोमाग सरळ उजवा, फोरमन गिरकी घेत कोसळायला लागतो. अलीचा उजवा हात पुन्हा उगारलेला असतो, माणूस समोरून खाली चाललेला असतो, आणि तो हात खाली येत नाही. पडणाऱ्याला त्याने मारलं नाही. बाहेर पागोळ्या गळत होत्या, आणि पोरगं मोबाइलवरून मान वर करत नव्हतं.

अलीच्या ढिगातही साका आहे, तो लपवणार नाही. सप्टेंबर 1976 मधली नॉर्टनशी तिसरी लढत अली जिंकला, पण ती मी बघतो तेव्हा माझे गुण नॉर्टनकडे जातात. त्याच वर्षीची जिमी यंगची लढतही तशीच. लिस्टनशी दुसरी लढत पहिल्या फेरीत ज्या ठोशावर संपली तो ठोसा नीट दिसतसुद्धा नाही, म्हणून तिला मी अर्धेच गुण देतो. ज्यां-पिएर कूपमन, रिचर्ड डन यांच्याविरुद्धच्या लढती तर सोडूनच द्या. एवढं सगळं वजा करूनही जे उरतं, ते दुसऱ्या कोणाकडे नाही.

जो लुई दुसरा. 1937 ते 1949 विजेता, 25 वेळा जेतेपद राखलं. पण 25 हा आकडा फसवा आहे. डिसेंबर 1940 ते जून 1941 या सात महिन्यांत तो दर महिन्याला लढला, आणि त्यांतले बरेच जण असे की अमेरिकी पत्रकारांनी ‘महिन्याचा भिकार गडी’ अशा अर्थाचं नाव पाडलं. ते मी बाजूला काढतो. उरतात ते कार्नेरा, मॅक्स बेअर, शार्की, ब्रॅडॉक, श्मेलिंग, वॉलकॉट: सहा जण, सहाही जण केव्हा ना केव्हा विश्वविजेते. श्मेलिंगने 1936 मध्ये त्याला बाराव्या फेरीत पाडलं होतं, कारण जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारल्यावर लुईचा डावा हात खाली राहतो हे त्याने हेरलं होतं. दोन वर्षांनी 22 जून 1938 ला लुईने तो हिशेब 124 सेकंदांत चुकता केला. शिकणाऱ्याने या दोन लढती लागोपाठ बघाव्यात. चूक कशी दिसते आणि ती दुरुस्त झाली की हात कुठे असतो, हे कोणी तोंडाने सांगायला नको.

तिसऱ्या जागेसाठी मी स्वतः बरीच वर्षं घोळत होतो. इव्हँडर होलीफिल्ड की लेनॉक्स लुइस? दोघांत झालेल्या दोन लढतींत एक बरोबरीची, दुसरी लुइसने जिंकली, दोन्ही 1999 च्या. लुइसच्या बाजूने एक गोष्ट फार मोठी: मॅकॉलने आणि रहमानने त्याला पाडलं, पण दोघांनाही त्याने परत हरवलं, म्हणजे व्यावसायिक रिंगणात त्याच्यासमोर आलेला एकही माणूस त्याच्याकडून हरल्याशिवाय राहिला नाही. रडॉक, टकर, गोलोटा, टुआ, शेवटी व्हिटाली क्लिच्को. पण लुइसने हरवलं त्या दिवशी होलीफिल्ड 37 वर्षांचा होता, 2002 मधला माइक टायसन 35 वर्षांचा आणि मोडलेला, आणि व्हिटालीची लढत जखमेमुळे थांबली तेव्हा गुणांवर व्हिटालीच पुढे होता. उलट होलीफिल्डने रिडिक बो याला 1993 मध्ये हरवलं, बोच्या सगळ्या कारकिर्दीतला तो एकमेव पराभव. नोव्हेंबर 1996 मध्ये टायसनपुढे त्याला कोणी जमेत धरत नव्हतं, त्याने अकराव्या फेरीत लढत संपवली. डग्लस, फोरमन, होम्स, मर्सर, मूररही आहेतच. त्याचे पराभव दहा, लुइसचे दोनच. तरी मी होलीफिल्डला तिसरा आणि लुइसला चौथा ठेवतो, कारण प्रश्न कोणाला हरवलं हा आहे, आणि खालच्या वजनगटातून वर आलेल्या माणसाने ते केलं. कोणी उलटं लावलं तर भांडणार नाही.

टायसनला पोरं फार मानतात. नोव्हेंबर 1986 ते जून 1988 या 19 महिन्यांत बर्बिक, स्मिथ, थॉमस, टकर, बिग्स, होम्स, टब्स, स्पिंक्स असे आठ जण, आणि अपराजित मायकल स्पिंक्सला 91 सेकंद. एवढ्या थोड्या काळात एवढे विजय क्वचित बघायला मिळतात. पण होम्स तेव्हा 38 चा आणि पावणेदोन वर्षं रिंगणाबाहेर. फेब्रुवारी 1990 मध्ये डग्लसकडून हरल्यानंतर रडॉकवरचे दोन विजय सोडले तर पहिल्या फळीतलं फारसं काही नाही.

लॅरी होम्सने 20 वेळा जेतेपद राखलं, नॉर्टनशी 1978 मधली पंधरावी फेरी तर डोळ्यांत साठवावी अशी. मात्र त्याच्या काळातले पेज, थॉमस, कोटझी त्याच्यासमोर आलेच नाहीत. व्लादिमीर क्लिच्को 2006 ते 2015 विजेता होता. इब्रागिमोव्ह, चागाएव, पोव्हेटकिन, पुलेव हे चौघे त्याच्यासमोर अपराजित आले आणि हरून गेले. पण त्याच्या काळातला दुसरा भक्कम माणूस त्याचा सख्खा भाऊ व्हिटाली, आणि ते कधीच लढले नाहीत. भाऊ भावाशी का लढेल? त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही, पण ती जागा रिकामी राहते.

उसिकचं काय, हे भाच्याने निघताना विचारलं. जॉशुआ दोनदा, फ्युरी दोनदा, दुबोआ दोनदा, त्यातला फ्युरी मे 2024 पर्यंत अपराजित. हेवीवेटमध्ये लढती थोड्या, पण जवळजवळ प्रत्येक फळ पहिल्या प्रतीचं. नगामागे दर्जा धरला तर तो अलीच्याही जवळ जातो. एकूण रास धरली तर अजून लुइसच्या मागे.

मग भाच्याला क्रम लावून दिला. अली निवड. आधी 1964 मधला लिस्टन, मग मार्च 1971 मध्ये फ्रेझियरकडून झालेला पराभव, कारण तो न बघता पुढचं कळणार नाही. त्यानंतर 1973 मधला नॉर्टन दोन्ही वेळा, मग किन्शासा, आणि शेवटी मनिला, जिथे चौदाव्या फेरीनंतर फ्रेझियरच्या प्रशिक्षकाने, एडी फच यांनी, त्याला खुर्चीतून उठू दिलं नाही. समालोचन बंद कर. पहिल्यांदा अलीकडे बघू नको, समोरच्याच्या पायांकडे बघ. कितव्या फेरीत ते जड होतात ते वहीत लिही. त्याने वही घेतली. पहिल्या पानावर मार्सियानो-वॉलकॉट लिहिलं होतं, ते त्याने खोडलं नाही, खाली लिस्टन लिहिलं.