क्वारंटाइन टाकीला फिल्टर कोणता: स्पंज, हँग-ऑन, इंटरनल की कोपऱ्यातला डबा?

नवे मासे थेट मोठ्या टाकीत सोडायचे नाहीत, महिनाभर वेगळे ठेवायचे, हे आता बहुतेकांना पटलंय. जुनी दीड फुटी टाकी माळ्यावर असतेच. तळाला वाळू नको, लपायला पीव्हीसी पाइपचे दोन तुकडे, एक हीटर, वर झाकण. अडतं ते फिल्टरपाशी. गेल्या महिन्यात इथे कोल्हापुरातच, शिवाजी पेठेतून माझ्या मामेबहिणीचा फोन आला. "दादा, मोठ्या टाकीला आहे तसलाच लहान हँग-ऑन घेऊ, का तो बुडबुड्यांचा स्पंज पुरेल?" मी घाईत "स्पंज घे" म्हणून मोकळा झालो. तिच्याकडे कोणते मासे येणार आहेत, हे विचारायचं राहिलं. येणार होते गोल्डफिश, आणि तिथे उत्तर बदलतं. म्हणून सगळं नीट मांडतोय.

माप आधी सांगतो. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर ४२ लिटर. प्रत्यक्षात पाणी ३५-३६ लिटर. पुढचं सगळं या मापाच्या टाकीसाठी आणि गोड्या पाण्यातल्या माशांसाठी आहे.

दुकानात चार प्रकार समोर येतील. स्पंज फिल्टरमध्ये बाहेर ठेवलेला एअर पंप हवा देतो, बुडबुडे नळीतून वर जाताना पाणी ओढतात आणि ते पाणी स्पंजमधून गाळून येतं. हँग-ऑन काचेच्या काठावर टांगतात. मोटर पाणी वरच्या खोक्यात खेचते, तिथून ते धबधब्यासारखं परत पडतं. इंटरनलमध्ये मोटर आणि स्पंज दोन्ही पाण्यात बुडलेले असतात. कोपऱ्यातला डबा म्हणजे जुन्या हौशी लोकांचा प्लॅस्टिकचा डबा, आत फिल्टरचा कापूस, चालतो एअर पंपावरच. कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, एवढ्याशा टाकीला फार मोठा पडतो. वाळूखालचा फिल्टर तर क्वारंटाइनमध्ये नकोच, कारण ज्या वाळूत रोगाची पिल्लावळ लपते तीच वाळू त्याला लागते.

मोठ्या टाकीचा फिल्टर आपण वर्षानुवर्षं टिकावा म्हणून घेतो. क्वारंटाइनचा फिल्टर रोगट पाण्यात बुडणार, औषधात भिजणार आणि एखाद्या दिवशी कचऱ्यात जाणार, हे धरूनच घ्यायचा. तो फेकताना हात आखडला, तर तोच फिल्टर पुढच्या माशांना मागच्यांचा रोग देईल. मी चारही प्रकार याच नजरेनं बघतो.

पहिल्या दिवशी कोण तयार असतं

मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. फिल्टरमध्ये वस्ती करून राहिलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ही वस्ती कोऱ्या फिल्टरमध्ये जमायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि क्वारंटाइन मुळात चार आठवड्यांचं. म्हणजे नवा कोरा फिल्टर लावला तर तो तयार होईपर्यंत मासे बाहेर काढायची वेळ येते. नव्या माशांतले पुष्कळ मासे रोगानं जात नाहीत, या अमोनियानं जातात, आणि आपण दोष दुकानदाराला देतो.

इथे स्पंजला तोड नाही. तो आज विकत घ्या आणि मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात महिनाभर चालवत ठेवा. नवे मासे आले की उचलून क्वारंटाइनमध्ये लावा. जिवाणूंची अख्खी वसाहत त्याच्याबरोबर जाते. हँग-ऑनमध्येही मोठ्या टाकीतल्या स्पंजचा तुकडा कापून घालता येतो, आणि डब्यात मूठभर जुन्या सिरॅमिक रिंग्ज. जमतं, पण दर वेळी मोठ्या टाकीचा फिल्टर उघडावा लागतो. इंटरनलचं सगळ्यात अवघड, कारण त्याच्या छोट्याशा स्पंजात जिवाणूंना जागाच थोडी.

आपल्या नळाबद्दल एक गोष्ट लक्षात असू द्या. पाणी पंचगंगेचं असो की काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं, त्यात क्लोरीन असतं. तयार झालेला स्पंज नळाखाली धरला की महिनाभराची वस्ती काही मिनिटांत निकामी होऊ शकते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. नवं पाणी भरताना हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आधी टाकायचं. ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे त्यांनी पीएच मोजून घ्यावा. २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो; पीएच ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांवर जातो. टेस्ट किटवर रंग तोच दिसतो, माशाला त्रास मात्र दहापट.

औषध टाकल्यावर

माझ्याकडे आठ मोली आल्या होत्या. तिसऱ्या दिवशी अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. टाकीला चांगल्यापैकी हँग-ऑन होता. औषध टाकलं, पाणी हिरवट झालं आणि सकाळी बघतो तर पाणी नितळ. पुन्हा टाकलं, पुन्हा नितळ. हँग-ऑनबरोबर मिळणाऱ्या तयार गाळणीच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या, कापडाआड अॅक्टिव्हेटेड कार्बन शिवलेला होता आणि तो रात्रभर औषध शोषत होता, हे कळेपर्यंत पाच दिवस गेले. आठातल्या तीन वाचल्या. त्या पाच दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

ठिपक्यांचा हा परजीवी, इक्थिओफ्थिरिअस, माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याच्यावर औषध चालत नाही. तो पिकून तळाला पडतो, तिथे फुटून शेकडो पिल्लं पोहत सुटतात, आणि ती नवा मासा शोधत असतात तेवढ्याच वेळात औषध त्यांना मारतं. २५-२६ अंशाला हा फेरा साधारण आठवड्यात पुरा होतो, थंड पाण्यात लांबतो. म्हणून औषधाची मात्रा सलग टिकणं महत्त्वाचं, आणि म्हणूनच कार्बन असलेला कोणताही फिल्टर इथे घातक. हँग-ऑन घेणार असाल तर कार्ट्रिज पहिल्या दिवशी काढा आणि खोक्यात साधा स्पंज भरा.

झिओलाइटच्या पांढऱ्या खड्यांबद्दलही सावध राहा. ते अमोनिया धरून ठेवतात खरे, पण क्वारंटाइनमध्ये आपण हमखास मीठ टाकतो, आणि मिठाच्या पाण्यात ते धरलेला अमोनिया परत सोडतात.

औषधाच्या बाबतीत स्पंजचा आणखी एक फायदा आहे, तो दुकानात कुणी सांगत नाही. टाकी अर्धी भरली तरी स्पंज चालतो. ३६ लिटरऐवजी २० लिटरला औषध द्यायचं म्हणजे औषधही कमी आणि पाणी बदलायचे कष्टही कमी. हँग-ऑनला पाणी काठाजवळ लागतं, पातळी उतरली की तो हवा ओढून घरघरायला लागतो. फॉर्मलिन असलेल्या औषधांनी पाण्यातला ऑक्सिजन घटतो, तिथेही स्पंजचे बुडबुडे उपयोगी पडतात.

मिथिलीन ब्लू वापरणार असाल तर मात्र स्पंजचं कौतुक बाजूला ठेवा. ते औषध चांगल्या जिवाणूंनाही मारतं आणि स्पंज कायमचा निळा करतं. अशा वेळी कोपऱ्यातला डबा काढायचा: नवा कापूस, तळाला वजनासाठी चार गोट्या, नाहीतर डबा तरंगतो. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं आणि उपचार संपले की कापूस फेकून द्यायचा. सगळ्यात स्वस्त, दिसायला ओबडधोबड, पण एवढ्या एका कामात तो बाकी तिघांपेक्षा सरस आहे.

वीज गेली की

एप्रिल-मे मधला वळीव आणि जुलैचा धुवांधार पाऊस आपल्याला नवा नाही. वीज गेली की मोटरवाले दोन्ही फिल्टर बंद. हँग-ऑनच्या खोक्यात साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन संपत जातो आणि जिवाणू गुदमरतात. वीज आल्यावर पाणी आपोआप वर चढलं तर ठीक; पातळी थोडी उतरलेली असेल तर मोटर कोरडीच फिरत राहते. रात्री दोनला वीज आली तर ती घरघर ऐकायला जागं कोण असणार?

स्पंज टाकीत उघडाच असतो, त्यामुळे जिवाणू जास्त तग धरतात. शिवाय यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप पॉवर बँकेला जोडून तोच स्पंज चालू ठेवता येतो. बिलाचा विचार करत असाल, तर ५ वॉटचा पंप चोवीस तास चालवून महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास जातात.

एअर पंपाच्या नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच. पंप टाकीच्या पातळीखाली ठेवला असेल आणि वीज गेली, तर पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि तिथून बोर्डाकडे जातं. व्हॉल्व्हवरचा बाण टाकीच्या दिशेला ठेवा. किंवा पंपच टाकीपेक्षा वर टांगा, आवाजही कमी होतो.

फिल्टरच नको, एअर स्टोन लावून रोज निम्मं पाणी बदलू, असं म्हणणारे अनुभवी लोकही आहेत. चार दिवसांच्या उपचारापुरतं चालतं. महिनाभर त्यावर भिस्त ठेवू नये. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि शहराला नळाचं पाणी मिळेना, ते दिवस आठवा. माणसांना प्यायला पाणी शोधावं लागत होतं, टाकीसाठी रोज दोन बादल्या कुठून आणणार?

स्पंज कुठे कमी पडतो

गोल्डफिशपाशी. चार इंची दोन ओरांडा (गोल्डफिशचीच एक फॅन्सी जात) खातात भरपूर आणि घाणही तितकीच करतात. छोटा स्पंज तीन दिवसांत चोंदतो, जाड विष्ठा तर त्यात ओढलीच जात नाही. इथे हँग-ऑनचा ओढा आणि मोठं खोकं कामाला येतं. मात्र शोषनळीच्या तोंडावर जाड स्पंजची टोपी चढवा आणि धार कमीत कमी ठेवा, कारण फॅन्सी गोल्डफिश पोहण्यात दुबळे असतात. इतकं करूनही ३६ लिटरमध्ये दोन गोल्डफिश म्हणजे पाणी वरचेवर बदलावंच लागणार, यातून कोणताही फिल्टर सोडवत नाही.

गप्पी, टेट्रा, बेटा, लहान एंजल यांना उलट धारेचा त्रासच होतो. आजारी बेटा इंटरनलच्या जाळीला चिकटून मेलेला मी पाहिलाय. इंटरनल मी एकाच परिस्थितीत सुचवेन: तो घरात आधीपासून पडून असेल आणि मासे दणकट असतील. तेव्हाही पाण्यात हात घालण्याआधी स्विच बंद करा, जुन्या मोटरच्या वायरीला बारीक चीर असू शकते.

स्पंजचा आणखी एक दोष म्हणजे उडणारे तुषार. बुडबुडे फुटताना पाण्याचे बारीक थेंब उडतात आणि त्यांतून रोगजंतू शेजारच्या टाकीत जाऊ शकतात. झाकण ठेवा आणि क्वारंटाइन टाकी शक्यतो दुसऱ्या खोलीत मांडा. जाळी आणि पाइपही वेगळे.

महिना संपल्यावर

मासे निरोगी राहिले असतील तरी क्वारंटाइनमध्ये राहिलेला स्पंज मी तसाच मोठ्या टाकीत परत नेत नाही. वाहतूक एकाच दिशेनं. साध्या महिन्यानंतर तो उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात खडखडीत वाळवतो आणि पुन्हा नव्यानं मोठ्या टाकीत महिनाभर चालवतो. रोग निघाला असेल तर सरळ फेकतो. हँग-ऑनचं खोकं, नळी, पंखा, खाचा, सगळं ब्लीचच्या पाण्यानं धुवून, हायपोत बुडवून, वाळवायला अर्धा दिवस जातो, आणि पंख्यामागच्या खाचेत काय उरलं याची खात्री तरीही होत नाही.

बहिणीला मी नंतर पुन्हा फोन केला. तिनं लहान हँग-ऑन घेतला, कार्ट्रिज काढून ठेवलं, आणि सोबत एक स्पंज आणि व्हॉल्व्ह लावलेला एअर पंपही घेतला. तो स्पंज सध्या तिच्या मोठ्या टाकीत, लाकडामागे चालू आहे. हँग-ऑनच्या खोक्यात भरायचे दोन तुकडेही तिथेच फिल्टरच्या तोंडाशी अडकवून ठेवलेत. ओरांडांचा आगाऊ पैसा दिलाय, पण मासे अजून दुकानातच आहेत. "आणखी नऊ दिवस," म्हणाली, "मग आणते."