समोरची काच घरी काढायची: तार बरी की सुरी?

ओम्नी, जुनी जिप्सी किंवा पद्मिनी असेल तर हा प्रश्न पडतच नाही. तिथे काच रबरी बीडिंगमध्ये बसलेली असते आणि नवी बसवताना बीडिंगच्या खाचेत सुतळी घालून आतून ओढत गेलं की काम होतं. खरा प्रश्न पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या रबरासारख्या चिकटाने, चिकटवलेल्या काचेचा, म्हणजे आजच्या जवळजवळ सगळ्या गाड्यांचा. नवी काच आणून ठेवली आहे, वायपर आणि त्याखालचं प्लॅस्टिक सुटलं आहे, आता जुना पीयू कापायचा कशाने? मुठी लावलेल्या वेणीदार तारेने, की एल आकाराच्या पात्याच्या, ओढून चालवायच्या सुरीने? (काचेमागे कॅमेरा असलेली, स्वतः ब्रेक लावणारी गाडी असेल तर घरी हात घालू नये. नव्या काचेनंतर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा नेम पुन्हा जुळवणं, लागतं.)

वेगाचाच विचार केला तर सुरी पुढे आहे. ती बाहेरून चालते आणि एकट्या माणसाला पुरते. पातं काच आणि पत्र्याच्या फटीतून पीयूत घुसवायचं, काचेच्या खालच्या अंगाला घासून ठेवायचं आणि दोरीच्या मुठीने कडेला समांतर ओढत न्यायचं. पीयूवर साधं पाणी मारत राहिलं की पातं अडत नाही. साबणाचं पाणी नको, त्याचा थर राहिला तर नवा पीयू नीट धरत नाही. फट रुंद असलेल्या जुन्या गाडीत हे काम खरोखर सुरेख होतं.

अडचण आहे ती पात्याच्या दुसऱ्या टोकाची. वरचा हात किंचित कलला की ते टोक खाली चौकटीच्या पत्र्यावर टेकतं आणि रंगावर केसाएवढी बारीक रेघ उमटते. जुन्या पीयूच्या काळ्या थरात ती दिसतही नाही; तिरपा टॉर्च मारला तरच चमकते. कोरड्या प्रदेशात कदाचित ती खपून जाईल. पण आपल्या गोव्यात बार्देश, तिसवाडी, मुरगाव, साष्टीच्या खाऱ्या हवेत ती रेघ तशीच झाकली गेली तर गंज तिथूनच सुरू होतो. पीयू रंगाला धरतो आणि रंग पत्र्याला, त्यामुळे गंज रंगाखाली सरकला की वरचा चांगला पीयूही रंगासकट सुटतो. मग जूनमध्ये पायाखालची मॅट ओली होते आणि दोष बिचाऱ्या नव्या काचेला मिळतो. पाण्यापेक्षाही मोठी गोष्ट अशी की बऱ्याच गाड्यांत पुढच्या प्रवाशाची एअरबॅग फुगताना याच काचेवर रेलते आणि गाडी उलटली तर छप्पर तोलायलाही काच हातभार लावते. चिकट धरत नसलेली काच यातलं काहीच करणार नाही.

या एका रेघेमुळे माझा कल तारेकडे गेला. तार पत्र्यावर ओरखडा उठवतच नाही असं नाही, पण तिला काचेलगत ठेवणं हाताला सोपं जातं. टोच्याने आतून पीयूत भोक पाडायचं, एखाद मीटर तार ओवायची, दोन्ही टोकांना मुठी लावायच्या. एक माणूस आत, एक बाहेर. आतल्याने मूठ काचेलगत धरायची, म्हणजे तार पीयू वरच्या अंगाला कापते आणि पत्र्यावर जाड थर शिल्लक राहतो. लांब, संथ ओढी घ्यायच्या. घाईने आखूड घासलं की तार तापते, पीयू मऊ होऊन तिला चिकटतो आणि ती तुटते, बहुधा कोपऱ्यावरच. म्हणून तीन-चार तुकडे कापून तयार ठेवावेत.

तारेचा त्रास डॅशबोर्डला होतो. खालच्या कडेला आतली मूठ फिरवायला जागा नसते आणि तार डॅशबोर्डचं प्लॅस्टिक सहज चिरते. तिथे जाड पुठ्ठा सरकवावा. डॅशबोर्डवरच्या, काचेवर एसीची हवा सोडणाऱ्या जाळीवर आधीच मास्किंग टेप लावावी, नाहीतर काचेचे कण आत पडतात आणि पंखा चालू केल्यावर तोंडावर येतात. तडा गेलेल्या काचेला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी मारावी, हातमोजे आणि चष्मा घालूनच ओढावं. दुसरा माणूस मिळत नसेल तर मात्र तारेचा हट्ट नको.

पुढचं काम दोन्हींत सारखंच. जुना पीयू धारदार पट्टीने एक-दोन मिलिमीटरपर्यंत तासायचा, पूर्ण खरवडायचा नाही. ताजा कापलेला थर हाच नव्या पीयूचा उत्तम पाया. उघड्या पत्र्याला, कितीही लहान जागा असो, प्रायमर लावून सांगितलेला वेळ सुकू द्यावा. गंज आधीच दिसला तर पत्रा लख्ख होईपर्यंत घासावं. भोक पडलं असेल तर डेंटर-पेंटरकडे जावं. पीयूच्या ३१० मिलिलिटरच्या दोन नळ्या हाताशी असाव्यात, एक बहुतेकदा कमी पडते. व्ही खाचेच्या नोझलने साधारण १२ मिलिमीटर उंच, सलग त्रिकोणी पट्टी घालावी. पीयू हवेतल्या दमटपणाने सुकतो, त्यामुळे आपल्याकडे वर साय लवकर धरते. पट्टी घातली की सक्शन कपने काच लगेच बसवायची. पत्रा मात्र कोरडाच हवा, म्हणून भर पावसात हे काम काढू नये आणि मेमध्ये काढलं तर सकाळी, सावलीतल्या पोर्चमध्ये.

हातात दोन्ही हत्यारं असतील तर माझ्या मते वरची आणि बाजूच्या दोन कडा तारेने काढाव्यात. खालची कड, जिथे तार अडते, तिथे सुरी आणावी. वायपरखालचं प्लॅस्टिक काढल्यामुळे तिथे फट मोकळी दिसते, पात्याचं टोक नजरेसमोर राहतं आणि रेघ पडलीच तर त्याच क्षणी कळते. काच बसल्यावर वरून टेप मारून गाडी रात्रभर उभी ठेवावी, खिडक्या बोटभर उघड्या. बंद गाडीचं दार आपटलं की आतल्या हवेच्या दाबाने ओली पट्टी सुटते. जुन्या काचेवरचा फास्टॅग काढताना फाटतो, तेव्हा नवा आधीच मागवून ठेवलेला बरा.