धंतोलीतील मानसोपचार दवाखाना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एक अभिप्राय

नागपूरच्या धंतोली भागातील एका खासगी दवाखान्यात माझ्या धाकट्या भावावर नैराश्याचे उपचार सुरू आहेत. तेथील डॉक्टर मला फार चांगल्या वाटल्या, पण बाहेरच्या व्यवस्थेबद्दल गंभीर तक्रार आहे, म्हणून दवाखान्याचे नाव देत नाही.

मानसोपचारतज्ज्ञ कसे आहेत, हे पहिल्या भेटीतल्या प्रश्नांवरूनच कळते. येथे डॉक्टरांनी आधी भावाशी एकट्याशी बोलणे केले आणि नंतर त्याची परवानगी घेऊन मला आत बोलावले. झोप, भूक, वजन, कामातले लक्ष, घरात कोणाला असा आजार होता का, दारू किंवा खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) किती, आधीची औषधे कोणती, हे सर्व त्यांनी सावकाश विचारले. जीव द्यावासा वाटतो का, हेही त्यांनी स्पष्ट शब्दांत विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो अशी भीती अनेक घरांत असते. ती खरी नाही, उलट रुग्णाला बोलायला वाट मिळते. पूर्वी कधी झोप कमी होऊनही उत्साह अफाट वाढला होता का, पैसे उधळले गेले होते का, हा प्रश्न मला तेव्हा अवांतर वाटला होता. बायपोलर आजारात, म्हणजे नैराश्य आणि अतिउत्साहाचा उन्माद आलटून-पालटून येणाऱ्या आजारात, नुसते नैराश्याचे औषध दिल्यास उन्मादाची अवस्था उद्भवू शकते, म्हणून तो विचारावाच लागतो, असे त्यांनी समजावले. थायरॉइड आणि बी-१२ च्या तपासण्याही लिहून दिल्या, कारण त्यांतल्या बिघाडानेही मन खचल्यासारखे होते.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते औषधाबद्दलचे त्यांचे बोलणे. एस्सिटॅलोप्रॅम ही नैराश्यावरची गोळी लिहून त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मराठीत चार ओळी लिहिल्या: सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी किंवा बेचैनी होईल, ती बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ओसरेल, फरक जाणवायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणामाला त्याहून अधिक काळ लागेल, बरे वाटले तरी गोळी स्वतःहून बंद करायची नाही, त्रास वाढल्यास फोन करायचा. त्रास आधी आणि आराम नंतर, हा क्रम माहीत नसल्यामुळेच कित्येक रुग्ण पहिल्याच आठवड्यात औषध सोडून देतात. आमचा भाऊही, 'ताई, यानं तर आणखीच वाईट वाटतंय' असे म्हणू लागला होता. ती चिठ्ठी नसती तर मीच त्याला गोळी बंद कर म्हटले असते. शिवाय त्याचे वय पंचविशीच्या आत असल्याने, या वयात सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, तेव्हा घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे, असे त्यांनी मला बजावले. झोपेसाठी दिलेल्या क्लोनाझेपामची सवय लागू शकते, म्हणून ती केव्हा कमी करायची हे त्याच दिवशी ठरवले. पूर्ण बरे वाटू लागल्यावरही मुख्य औषध साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवावे लागते, हेही आधीच सांगितले, त्यामुळे पुढे आमचा विरस झाला नाही.

समुपदेशनासाठी येथे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ येतात. त्या औषध लिहून देत नाहीत. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, आणि ती आहे का हे विचारण्यात संकोच करू नये.

आता तक्रार. प्रतीक्षागृह भरलेले असताना काउंटरवरचा कर्मचारी पूर्ण नाव पुकारून 'भाऊ, तुम्हाले काय त्रास आहे?' असे मोठ्याने विचारतो. माझा भाऊ तेथूनच परत फिरायला निघाला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि त्याची सुरुवात काउंटरपासूनच व्हायला हवी. डॉक्टरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी ऐकून घेतले, पण पुढच्या भेटीत फारसा फरक दिसला नाही. संध्याकाळची वेळ घेतल्यास ताटकळावेही फार लागते.

खासगी फी झेपत नसेल त्यांनी उपचार लांबवू नयेत. नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा आहे, शहरात प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे. त्या मनोरुग्णालयाच्या नावाचीच आपल्याकडे अनेकांना धास्ती वाटते, आणि त्या धास्तीपायी माणसे वर्षानुवर्षे त्रास अंगावर काढतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. रात्री-अपरात्री कोणाशी बोलण्याची गरज भासली तर ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. मात्र जिवाला तातडीचा धोका दिसत असेल तर फोनवर विसंबून न राहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

या दवाखान्यात मी इतरांना जायला सांगेन का? डॉक्टरांसाठी नक्की सांगेन. सकाळची वेळ घ्यावी, जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत, आणि काउंटरवर तोंडी काही न सांगता त्रास कागदावर लिहून घडी घालून द्यावा. आम्ही आता तसेच करतो आणि काउंटरवरचे कर्मचारी तो कागद घेतात.