पवनाकाठचं स्वयंपाकघर : सोळा महिने, दोन पावसाळे

मावळात पवना धरणाच्या फुगवट्याकाठी, समोर तुंग किल्ला दिसतो अशा जागच्या घराचं हे स्वयंपाकघर. खोली १० बाय १२ फूट, ओटा एल आकाराचा, एकूण १७ रनिंग फूट. काम मे महिन्यात संपलं. त्यानंतर दोन पावसाळे आणि मधला एक कोरडा उन्हाळा गेला. घर आठवड्यातले दोन दिवस उघडं, पाच दिवस कुलूपबंद. हे आधी सांगायचं कारण असं, की पुण्यात रोज वापरात असलेल्या स्वयंपाकघराचे नियम इथे निम्मेच चालतात. जिथे रोज शेगडी पेटते, पंखा फिरतो, दारं उघडतात-मिटतात, तिथे लाकूड आपोआप सुकत राहतं. इथे पाच दिवस हवाच हलत नाही.

करायचं होतं ते जुन्या वळणाचं : चौकटीची शटरं (म्हणजे कपाटांची दारं), पितळी मुठी, काळ्या दगडाचा ओटा, नक्षीच्या सिमेंट टाइल्स, वर जाळीचं कपाट. आत मात्र ट्रॉल्या, हॉब (ओट्यात बसवलेली शेगडी), चिमणी आणि हात घालता येईल असं प्लंबिंग. दिसायला सगळं जमलं. टिकायला सगळंच जमलं नाही.

आतले बॉक्स १८ मिलिमीटर मरीन प्लायचे. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घेतलेल्या ८ बाय ४ च्या सात शीट लागल्या. हा प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवूनही सुटत नाही, हे दुकानदार अभिमानाने सांगतो आणि ते खरंच आहे. पण ती परीक्षा डिंकाची असते, पृष्ठभागाची नव्हे. थर सुटत नाहीत म्हणजे वर बुरशी धरत नाही असं मुळीच नाही. पहिल्या जुलैत प्लायवर बुरशी आली ती नेमकी तीन ठिकाणी : मागच्या ६ मिलिमीटर प्लायची भिंतीकडची कोरी बाजू, सिंकखाली पाइपासाठी पाडलेल्या भोकांच्या कडा, आणि कपाटांची वरची बाजू, जिथे सुतार 'कोण बघतंय' म्हणून मायका लावत नाही. ८ मिलिमीटरचं भोक असो वा चार इंची खाच, कापलेली कड मिटवलीच पाहिजे. दिसणाऱ्या कडांना २ मिलिमीटरची पीव्हीसी पट्टी, न दिसणाऱ्यांना ०.८ ची, आणि भोकांना ब्रशने दोन हात एपॉक्सी. मागची प्लाय दोन्ही बाजूंनी लायनर (आतल्या बाजूचा पातळ मायका) लावलेली घ्या आणि भिंतीपासून निदान एक इंच पुढे ठेवा. त्या एक इंचासाठी सुताराशी वाद होतो, कारण ओट्याखालच्या ट्रॉलीची खोली तेवढीच कमी होते. वाद घाला.

बॉक्स जमिनीवर बसवले नाहीत. चार इंची पीव्हीसी पायांवर उभे केले आणि पुढून स्कर्टिंग (पाय झाकणारी पट्टी) क्लिपवर लावली. हे सगळ्यात फायद्याचं ठरलं. आठवड्यातून एकदा स्कर्टिंग ओढून काढली की खालची फरशी वाळते, झुरळ-उंदीर बघता येतात आणि सिंक गळत असेल तर त्याच दिवशी कळतं. वाळवीसाठी भिंत आणि फरशीच्या सांध्यात दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटरची भोकं पाडून इमिडाक्लोप्रिड (३०.५ टक्के, लिटरभर पाण्याला २.१ मिलि) सोडलं होतं, प्रत्येक भोकात साधारण लिटरभर. हे काम जुनं फर्निचर निघाल्यावर आणि नवं येण्याआधीच होतं. नंतर सुचलं तर नव्या टाइल्सना भोकं पाडावी लागतात.

आता शटरं. इथे एक गोष्ट चुकली आणि एक जमली, म्हणून जरा सविस्तर.

ओट्याखाली फिकट हिरव्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगाची चौकटीची शटरं केली. अर्धी पाच तुकड्यांची : सागाच्या दोन उभ्या पट्ट्या, दोन आडव्या, अडीच इंच रुंद, मध्ये पॅनेल. उरलेली अर्धी एकाच १८ मिलिमीटर एचडीएचएमआर (ओल सोसणाऱ्या, दाबून बनवलेल्या) बोर्डात राउटरने खाच मारून तसाच आकार काढलेली. सहा फुटांवरून फरक कळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये कळला. पाच तुकड्यांच्या प्रत्येक शटरवर उभी आणि आडवी पट्टी जिथे भेटते तिथे रंगात केसाएवढी भेग आली, चारही कोपऱ्यांत. सांधा सुटलेला नाही, चौकट घट्ट आहे. लाकूड आडव्या अंगाने फुगतं आणि आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे कोपऱ्यात एक तुकडा एका दिशेने सरकतो आणि दुसरा दुसऱ्या, आणि वरचा कडक पीयू रंग त्या रेषेवर फाटतो. पुट्टी भरून पुन्हा रंग मारला तर पुढच्या उन्हाळ्यात भेग त्याच जागी हजर. एका बोर्डातल्या शटरांना दोन पावसाळ्यांत काहीही झालेलं नाही. रंगवायचं असेल तर एकसंध बोर्ड घ्या. साग वापरायचा असेल तर त्याला पॉलिश करा, तिथे अशी भेग नजरेला खुपत नाही. सागावर अपारदर्शक रंग मारणं हा तसाही पैशांचा अपव्यय आहे.

उंच कपाटाला पॉलिशची सागाची दारं आहेत आणि त्यांचं पॅनेलही अस्सल सागाचं, फूटभर रुंद. सुताराने ते डिंकाने न चिकटवता खाचेत मोकळं सोडलं आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जागा ठेवली. मे आणि ऑगस्टमध्ये मोजलं तर पॅनेलच्या रुंदीत अडीच मिलिमीटरचा फरक आढळला. चिकटवलं असतं तर एक तर पॅनेल उभं तडकलं असतं किंवा चौकट उघडली असती. पॉलिश मात्र पॅनेल चौकटीत बसवण्याआधी करून घ्या. नाहीतर उन्हाळ्यात ते आकसलं की कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ दिसते. इथे दोन दारांवर ती दिसते आहे.

भिंतीवरच्या कपाटांना काचेऐवजी एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) ची बारीक जाळी. आजीच्या काळच्या दुधाच्या कपाटाची ही नक्कल. फक्त मुंग्यांसाठी पायाखाली पाण्याच्या वाट्या तेवढ्या नाहीत. ही कल्पना निव्वळ हौसेची वाटली होती, पण अख्ख्या स्वयंपाकघरात बुरशीचा एकही ठिपका न पडलेली जागा हीच. शेजारच्या बंद शटरच्या कपाटात जुलैअखेर लाकडी पोळपाटावर पांढरी लव आणि उघडल्याबरोबर कुबट वास. भिंत तीच, प्लाय तोच, अंतर तीन फुटांचं. दुसऱ्या पावसाळ्याआधी त्या बंद कपाटाच्या तळाला आणि माथ्याला ३५ मिलिमीटरची चार-चार भोकं पाडून वर जाळीच्या टोप्या बसवल्या. बिजागरीच्या वाटीचं गिरमिट याच मापाचं असतं, वेगळं हत्यार लागत नाही. वास गेला. लव पूर्ण गेली नाही, पण आता कोरड्या फडक्याने पुसून भागतं.

जाळीचा तोटा सरळ आहे : धूळ. मे महिन्यात धरणाचं पाणी खाली जातं, काठची काळी माती उघडी पडते आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर ती थेट घरात येते. तेव्हा महिनाभर आतल्या बाजूने जुनी सुती साडी लावून ठेवतो.

ओट्याला आधी कडप्पा होता. कडप्पा हा चुनखडीच्या जातीचा दगड, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकमाचं आगळ सांडलं की तिथली तकाकी जाते आणि पांढुरका डाग कायमचा राहतो. जुना ओटा अशा डागांनी भरलेला होता. नवा १८ मिलिमीटरचा काळा ग्रॅनाइट, लेदर फिनिश, म्हणजे चामड्यासारखा किंचित खडबडीत. क्वार्ट्झचा विचार सोडून दिला, कारण त्यात दगडाची भुकटी राळेने बांधलेली असते. शेगडीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर डाग पडतो, आणि तळ्याकडच्या खिडकीतून पडणाऱ्या उन्हाने फिकट क्वार्ट्झ पिवळा पडण्याची भीती वेगळी. ग्रॅनाइटवर तक्रार एकच, तीही पाण्याची. बोअरचं पाणी जड. काळ्या दगडावर भांड्याच्या बुडाची पांढरी वर्तुळं उठतात, आणि लेदर फिनिशच्या खळग्यांत बसलेला क्षार गुळगुळीत दगडासारखा एका फटक्यात निघत नाही. ओटा पुसून कोरडा करणं हाच उपाय. पोळ्या लाटून झाल्यावर पीठही या खळग्यांत अडकतं. ओल्या फडक्याआधी कोरडा ब्रश फिरवा, नाहीतर लगदा होतो.

ओट्याच्या पुढच्या कडेखाली, कडेपासून अर्धा इंच आत, ४ मिलिमीटरची खाच मारून घेतली आहे. सांडलेलं पाणी कडेवरून वळून दगडाच्या खालच्या अंगाने आत सरकतं आणि शटरच्या माथ्यावर उतरतं. खाच आली की थेंब तिथेच तुटून जमिनीवर पडतो. एल च्या लांब बाजूला ही खाच आहे, आखूड बाजूला कारागीर विसरला. आखूड बाजूच्या दोन शटरांची वरची कड आज बोटाला फुगीर लागते. ग्रॅनाइट बसवल्यावर ही खाच नीट मारता येत नाही, तेव्हा दगड कारखान्यात असतानाच आठवण करा.

सिंक ३०४ स्टीलचा, दगडाखालून बसवलेला. सांध्याला न्यूट्रल, बुरशीरोधक सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन स्वस्त मिळतं, पण ते दगडाला डाग पाडू शकतं. चांगलं सिलिकॉन वापरूनही दुसऱ्या ऑगस्टमध्ये मागच्या कोपऱ्यात काळे ठिपके आलेच. ते वरून घासून जात नाहीत; ब्लेडने पट्टी काढायची, स्पिरिटने पुसायचं, दिवसभर वाळू द्यायचं आणि नवी पट्टी ओढायची. हे काम पावसाळ्यात करू नका, सांध्यातली ओल आतच कोंडली जाते.

डाडोला (ओट्यामागच्या भिंतीला) ३ बाय ६ इंची पांढऱ्या टाइल्स, २ मिलिमीटरची फट आणि ती भरायला एपॉक्सी ग्राउट. फोडणीची हळद सोळा महिन्यांत ग्राउटला लागलेली नाही. पण लावताना गवंडी एका वेळी मोठी भिंत धरतो आणि कडक झाल्यावर पुसायला जातो. मग टाइलवर चिकट धुरकट थर कायमचा बसतो. एका वेळी दहा-बारा चौरस फूटच भरू द्या. जमिनीवरच्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स, ८ बाय ८ इंची, याच्या अगदी उलट स्वभावाच्या : मऊ, शोषक, सुंदर. सीलर मारूनही शेगडीसमोर तेलाचे दोन डाग आहेत. त्यांना बाथरूमचं अॅसिड लावलं तर डागासकट नक्षीही जाईल. ज्यांना डाग सहन होत नाहीत त्यांनी कोटा फरशी घ्यावी.

लोखंडी सामानात एक मजेशीर प्रकार झाला. सॉफ्ट-क्लोज बिजागऱ्या नामांकित आणि महाग घेतल्या, त्यांना काही झालं नाही. गंजले ते स्क्रू. सुताराने स्वतःच्या डब्यातले साधे स्क्रू मारले होते, आणि पहिल्या दिवाळीला पांढऱ्या मायक्यावर तांबूस ओघळ दिसू लागले. सगळे काढून ३०४ चे लावले, सुमारे दीडशे. ट्रॉल्यांचे चॅनेल पावसाळ्यात जड चालतात. मे आणि ऑक्टोबरमध्ये पुसून सिलिकॉन स्प्रे मारला की पुरतं. पितळी मुठींवर लॅकर (पारदर्शक लेप) नाही, त्या पंधरवड्यात काळवंडतात. पीतांबरी आणि जुना मोजा, दहा मिनिटांचं काम. लॅकर असलेल्या मुठींना मात्र पीतांबरी लावू नका, ओरखडे पडून लॅकर सोलत जातं आणि मूठ चट्ट्यापट्ट्याची होते. वजनाला हलक्या, वरून पितळी मुलामा दिलेल्या मुठी घेऊच नयेत.

चिमणीचा सहा इंची पाइप आधी पश्चिमेच्या भिंतीतून बाहेर काढला होता. मावळातला पाऊस त्याच बाजूने आडवा येतो. जुलैत पाणी पाइपातून मागे येऊन हॉबवर टपकलं. आता बाहेरच्या टोकाला खाली वळलेला कोपर आहे, पाइपाला बाहेरच्या बाजूला उतार आहे आणि झडपही आहे. एका वळणाने ओढ थोडी कमी झाली, ती परवडते. सिलिंडर घराबाहेर, जाळीच्या पेटीत, तांब्याच्या पाइपने आत. पेटीला झरोके तळाशी ठेवलेत, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो.

रविवारी निघताना एवढं होतं : रेग्युलेटर बंद, बंद कपाटांची शटरं दोन बोटं उघडी, फ्रिज रिकामा करून दाराच्या फटीत नॅपकिनची घडी, सिंकच्या ट्रॅपमध्ये (खालच्या पाणी साचून राहणाऱ्या वळणात) तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर तेल. उन्हाळ्यात तीन आठवडे घर बंद राहिलं तर ट्रॅपमधलं पाणी आटतं आणि गटाराचा वास आणि झुरळं त्याच वाटेने वर येतात. तेलाच्या थराने पाणी टिकतं. मीठ, गूळ आणि पोहे रबरी कड्याच्या बरण्यांत. मिठाला तरीही श्रावणात पाणी सुटतं.

येत्या मेमध्ये दोन कामं आहेत. सिंकखालची दोन्ही शटरं काढून तिथे आडव्या पट्ट्यांची, हवा खेळणारी दारं. आणि आखूड ओट्याच्या कडेखाली, खाच नाही तर नाही, ॲल्युमिनियमची पातळ कोनपट्टी सिलिकॉनने चिकटवून थेंब तुटतो का ते बघायचं.