नाव कार्बन, हाती ॲल्युमिनियम

दुकानदाराने दिलेल्या भागांच्या यादीत लिहिलं होतं, 'पेडल सोडून १०.४५ किलो'. काट्याला लटकवल्यावर सायकल भरली १३.७९ किलो. पुण्यातल्या एका नोकरदाराने वेताळ टेकडीवर चालवायला २९ इंची हलकी हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल) बांधून घेतली, त्याची ही गोष्ट. ठरलेली किंमत ८२,०००. त्यातले ६०,००० यूपीआयने आगाऊ, उरलेले २२,००० सायकल ताब्यात घेताना रोख. बिल नाही. सायकल पूर्ण सुटी करून एकेक भाग किचनच्या काट्यावर ठेवला तेव्हा ३ किलो ३४० ग्रॅम कुठे लपले होते ते कळलं. दुकानाचं नाव इथे देत नाही. ही युक्ती एकाच दुकानाची नाही, आणि ओळखायची ती युक्ती.

आधी खरं काय निघालं ते. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) खरा, शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) खरा, दोन्ही ब्रेक खरे, सीटही यादीतलीच. म्हणजे गिऱ्हाईक ज्याला हात लावतं, ज्याच्यावरचं नाव वाचतं, तेवढं सगळं अस्सल. फसवणूक पेंटच्या आत, टायरच्या आत आणि हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, आत होती. डिओर हा शिमानो कंपनीचा गिअरचा संच, आणि 'फुल डिओर' हा शब्द इथेच घात करतो. बोलीभाषेत त्याचा अर्थ बारा गिअर, क्रँक (पेडलचे दांडे), कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा गठ्ठा), चेन सगळं डिओर असा होतो. दुकानदाराच्या हिशेबात डिरेलर आणि शिफ्टर डिओर असले की झालं. यादीत एकाही भागाचा मॉडेल क्रमांक नव्हता. 'कार्बन फ्रेम', 'एअर फोर्क', 'लाइट व्हीलसेट', 'फुल डिओर' अशा चौदा ओळी आणि पुढे ग्रॅमचे आकडे, बस्स. आकडे होते म्हणून यादी खरी वाटली. पण आकडा कशाचा, हे ठरवतो मॉडेल क्रमांक. तो नसेल तर आकड्याला काही अर्थ नाही.

फ्रेम. यादीत १,२०० ग्रॅम, काट्यावर २,०५०. वरून कार्बनची विणकर नक्षी, त्यावर चकचकीत लॅकर. सांध्यांवर पुट्टी भरून घासल्यामुळे वेल्डिंगचे वळ दिसत नव्हते. सीटपोस्ट उपसून नळीत टॉर्च मारला, तर आत स्वच्छ चांदीसारखा धातू. खऱ्या कार्बन फ्रेमची सीटट्यूब आतून काळी असते, खरखरीत किंवा राळेने गुळगुळीत, पण काळीच. काहींत सीटपोस्टसाठी वरचा थोडा भाग धातूचा बसवलेला असतो, म्हणून टॉर्च खोलवर मारायचा. चुंबकाचा इथे उपयोग नाही, ॲल्युमिनियमला तो चिकटत नाही आणि कार्बनलाही नाही. दुसरी खूण म्हणजे केबल आत जाते त्या भोकाची कड. रबरी बुच काढून कडेवरचा रंग खरवडला की धातू लगेच चमकतो. दोन मिनिटांचं काम, एक ५ मिमीची ॲलन की पुरते. दुकानात हे करू देत नसतील तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

तसं २,०५० ग्रॅमची ॲल्युमिनियम फ्रेम वाईट नसते. टेकडीवरच्या दगडांना ती अज्ञात कारखान्यातल्या कार्बनपेक्षा बरीच. गिऱ्हाइकाला ती ॲल्युमिनियम म्हणून, ॲल्युमिनियमच्या भावात विकली असती तर तक्रारच नव्हती.

फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा, जुन्या मिस्त्रींच्या भाषेत चिमटा, बजेट हार्डटेलमध्ये सगळ्यात जास्त खोटं इथेच बोललं जातं. यादीत हवेचा, १०० मिमी ट्रॅव्हलचा (म्हणजे तेवढा दबणारा), १५ मिमी थ्रू ॲक्सलचा, १,७०० ग्रॅम. आला तो स्प्रिंगचा, २,४०० ग्रॅमचा, खालच्या पायांवर महागड्या मॉडेलचे स्टिकर लावलेला. ॲक्सल ९ मिमी क्विक रिलीज. हे तर बाहेरूनच दिसतं. क्विक रिलीजची सळई शिसपेन्सिलीहून बारीक असते. थ्रू ॲक्सल अंगठ्याएवढा जाड, पोकळ, आणि चाक काढायला तो पूर्ण बाहेर ओढावा लागतो. फोर्कपुरता चुंबक मात्र कामाचा. वरच्या चकचकीत नळ्यांना चुंबक चिकटला तर त्या पोलादी आहेत आणि फोर्क जड वर्गातला आहे. रॉकशॉक्स या फोर्क बनवणाऱ्या कंपनीचंच उदाहरण घ्या. रेकॉन सिल्व्हरच्या नळ्या पोलादी, रेकॉन गोल्डच्या ॲल्युमिनियमच्या. नाव जवळजवळ सारखंच, स्टिकर बदलायला पाच मिनिटं लागतात. डाव्या पायाचं वरचं टोपण फिरवून काढा. हवेच्या फोर्कमध्ये बहुधा तिथे मोटारच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह दिसतो, स्प्रिंगवाल्यात नुसती स्प्रिंग घट्ट-सैल करायची गोल किल्ली. रॉकशॉक्सचा अनुक्रमांक क्राउनवर, म्हणजे दोन्ही पाय जोडणाऱ्या वरच्या भागावर, मागे किंवा खाली कोरलेला असतो, तो कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की मॉडेल आणि बनावटीची माहिती येते. क्रमांक घासलेला असेल तर फोर्क परत ठेवा.

'हवा भरायची गरज नाही सर, फॅक्टरी सेट येतो,' हे वाक्य ऐकलं की समजावं. हवेचा फोर्क चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे शॉक पंपाने भरावाच लागतो. चालवायच्या पवित्र्यात सायकलवर बसल्यावर १०० मिमीचा फोर्क साधारण २० ते २५ मिमी दबला पाहिजे. ६० किलोच्या आणि ९० किलोच्या माणसाला एकच दाब कसा चालेल?

आता चाकं. इथे खोटं पकडायला सुटं करावं लागतच नाही, यादीच नीट वाचली तरी पुरतं. त्या यादीत 'एचजी फ्रीहब' आणि 'डिओर १०-५१ कॅसेट' शेजारीशेजारी होते. फ्रीहब म्हणजे मागच्या हबचा कॅसेट बसायचा भाग, एचजी आणि मायक्रो स्प्लाइन हे त्याचे दोन साचे, आणि १०-५१ म्हणजे सर्वांत लहान आणि मोठ्या चक्राचे दाते. हे दोन्ही एका चाकावर बसत नाहीत. शिमानोची १०-५१ कॅसेट बसायला मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो. एचजीवर सर्वांत लहान चक्र ११ दात्यांचं. म्हणजे यादी लिहिणाऱ्याला एकतर धंदा कळत नव्हता किंवा गिऱ्हाइकाला कळत नाही याची खात्री होती. आली ती दुसऱ्याच बनावटीची ११-५० कॅसेट, सगळी पोलादी, ६४० ग्रॅम. यादीत ५९०. फरक पन्नास ग्रॅमचाच, पण मुद्दा वेगळा: हब साधा छर्र्यांचा आहे हे झाकायला १०-५१ चा आकडा टाकला होता. चाकांची जोडी यादीत १,७००, प्रत्यक्षात २,३५०. ॲक्सल बोटांनी फिरवल्यावर वाळू दळल्यासारखी कुरकुर. सीलबंद बेअरिंगचा हब असा बोलत नाही.

टायर 'ट्यूबलेस, फोल्डिंग' (घडी होणारे, हलके) लिहिलेले. निघाले तारेच्या काठाचे, ८६० ग्रॅमचे, आणि आत प्रत्येकी २०० ग्रॅमची ट्यूब. दोन चाकांत मिळून ४८० ग्रॅम जादा. ओळखायची रीत सोपी. व्हॉल्व्हच्या मुळाशी नट असेल तर ट्यूबलेस असू शकतो. हवा पूर्ण सोडून टायरची एक बाजू आत ढकला. ट्यूबलेसला बऱ्यापैकी जोर लागतो आणि काठ 'टक' करून सुटतो. साधा टायर लगेच सैल पडतो. 'सीलंट (भोक बुजवणारं द्रव) नंतर टाकून देतो' यावर विश्वास ठेवू नका, रिमच ट्यूबलेसची नसेल तर सीलंट ओतून काय होणार.

क्रँकचं पटकन. ॲक्सलच्या मधोमध आरपार भोक दिसलं तर ती पोकळ ॲक्सलची दोन तुकड्यांची क्रँक. दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकची टोपणं आणि त्याखाली बोल्ट म्हणजे बहुधा चौकोनी ॲक्सल. बीबीसकट (क्रँक ज्यावर फिरते ती बेअरिंग) ४१० ग्रॅमचा फरक पडला. हँडल आणि सीटपोस्टमध्ये मिळून आणखी २००.

मग गिऱ्हाइकाने ताबा घेताना वजन बघितलं नव्हतं का? बघितलं होतं, फोटोत. आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर हुकाच्या काट्याचा फोटो आला होता, त्यावर १०.४६. फोटोत काटा आणि सायकलचा फक्त वरचा दांडा. मागचं चाक चौकटीच्या बाहेर. चाक स्टुलाला नुसतं टेकवलं तरी काटा दोन-तीन किलो कमी दाखवतो. दुकानात काटा 'आत्ताच कोणीतरी नेला', आणि 'एका हाताने उचलून बघा ना सर'. हाताला चौदा आणि साडेदहाचा फरक तुलना केल्याशिवाय कळत नाही, जुनी सायकल अठरा किलोची असेल तर मुळीच नाही. प्रवासी बॅगा मोजायचा हुकाचा काटा काही शे रुपयांत मिळतो, खिशात मावतो. आपलाच न्यावा, आधी साखरेच्या पाच बंद किलोपुड्यांवर ताडून. फोटो नको, व्हिडिओ हवा, दोन्ही चाकं हवेत दिसणारा.

या बजेटमध्ये प्रामाणिक सायकल किती भरते, याचा अंदाज असता तरी संशय आला असता. मध्यम मापाची बरी ॲल्युमिनियम फ्रेम ॲक्सल धरून १,७५० ग्रॅम, हवेचा फोर्क १,७००, हेडसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) १२०, चाकं १,८५०, दोन फोल्डिंग टायर १,४४०, टेप-व्हॉल्व्ह-सीलंट २००, डिस्क २२०, ब्रेक ६००, क्रँक-बीबी ८८०, कॅसेट ५९०, चेन २५५, डिरेलर-शिफ्टर-केबल ५००, हँडल-स्टेम (हँडल धरणारा तुकडा)-ग्रिप ५००, सीटपोस्ट-सीट-क्लॅम्प ५४०. बेरीज ११,१४५. पेडल ३६० धरले तर साडेअकरा किलो. ही चांगली, चढाला हलकी वाटणारी सायकल आहे. याखालचा प्रत्येक पाव किलो महाग पडतो. म्हणून याच पैशात कोणी आणखी पाऊण किलो कमी करून देतो म्हणाला, तर तो कुठे कमी झाला ते भागागणिक विचारायचं. आणि कंपनी छापते ते फ्रेमचं वजन बहुतेकदा लहान किंवा मध्यम मापाचं, कधी हँगर (डिरेलर टांगायची पट्टी) आणि बोल्टशिवायचं असतं, एल मापात ते वाढतंच.

पैसे वाचवायला जुने भाग घेणारेही फसतात, पण तिथे खोटं क्वचित बोललं जातं, अर्धं सांगितलं जातं. हलका फोर्क स्वस्तात मिळतो कारण त्याची वरची नळी आधीच्या फ्रेमच्या मापाने कापलेली असते. हेडट्यूबची (फ्रेमची पुढची उभी नळी) उंची, हेडसेटच्या कपांची उंची, स्टेमची साधारण ४० मिमी आणि स्पेसर, एवढी बेरीज करून नळी त्याहून सुमारे ३ मिमीच कमी असावी. १० मिमी आखूड असेल तर स्टेम नीट आवळत नाही, आणि ती तडजोड उतारावर करायची नसते. नळी खाली दीड इंचापर्यंत रुंद होणारी असेल तर अरुंद सरळ हेडट्यूबमध्ये ती जात नाही; उलटं मात्र रिड्यूसर (माप कमी करणारी कडी) लावून जमतं. मागचा हब १३५ (क्विक रिलीज), १४२ आणि १४८ मिमी रुंदीच्या या तिन्ही मापांत मिळतो, फ्रेमचं माप मोजल्याशिवाय चाक घेऊ नये. जुन्या कार्बन फ्रेमची बीबीच्या खालची बाजू आणि चेनस्टे (तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्या) नाण्याने ठोकत जा. टणटण येतायेता मध्येच भद्द आवाज आला तर तिथे आत काहीतरी झालेलं असू शकतं, वर नवा रंग असेल तर संशय जास्तच. आणि विक्रेता 'पैसे मिळवायला हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका' म्हणाला तर फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. गेलेच पैसे तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर कळवायचं, तास-दोन तासांत कळवलं तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता तरी असते.

परत पुण्याच्या सायकलकडे. 'बिलाचं राहू द्या ना सर, जीएसटी वाचेल,' हे दुकानदाराचं वाक्य सगळ्यात महाग पडलं. सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या भागांवर जीएसटी ५ टक्के आहे, म्हणजे वाचले ते फार तर चार हजार. बिलावर भागांची नावं आली असती तर भांडण एका बैठकीत मिटलं असतं. हाताशी उरलं काय, तर व्हॉट्सॲपची यादी, काट्याचा फोटो आणि ६०,००० ची यूपीआय नोंद. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, सुट्या भागांचे वजनासकट फोटो जोडून नोटीस पाठवली. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, हेही नोटिशीत लिहिलं होतं. त्यावर दुकानदाराने २७,००० परत केले. रोख घेतलेले २२,००० मिळालेच नाहीत असं तो आजही म्हणतो.

त्याच गिऱ्हाइकाने नंतर चाकं दुसरीकडून मागवली. आगाऊ रक्कम देण्याआधी पाठवलेला संदेश असा होता: 'चाकांची जोडी, २९ इंच, पुढे १००×९, मागे १३५×१० क्विक रिलीज, सीलबंद बेअरिंग, एचजी फ्रीहब, ३२ आरे, रिम आतून २५ मिमी, ट्यूबलेस. टेप-व्हॉल्व्हशिवाय वजन १,८५० ग्रॅम. पाच टक्क्यांपेक्षा जास्त भरल्यास माल परत, पैसे परत. हब आणि रिमचा मॉडेल क्रमांक बिलावर हवा. मान्य असल्यास "मान्य" लिहा, मग २० टक्के पाठवतो.' पहिल्या दोन दुकानांनी उत्तरच दिलं नाही. तिसऱ्याने तासाभराने लिहिलं, 'मान्य, पण वजन १,९२० धरा, ३२ आऱ्यांत १,८५० होत नाही.' ऑर्डर त्यालाच गेली.