हर्णैची घरपोच मासळी: मासा झकास, बाकी थोडी कुरकुर

आठ महिने यांच्याकडून मासळी घेतोय, तेव्हा लिहायला हरकत नाही. नाव मुद्दाम लिहीत नाही. दापोलीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना आहेच, आणि पुढे मी थोडा कुरकुरणार आहे, ते धंदा चालवणाऱ्या पोराला चारचौघांत लागायला नको.

पद्धत अशी. सकाळी हर्णै बंदरावरून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फोटो येतात, भावासकट. आपण लिहायचं, ‘बांगडे सहा, साफ करून’. साडेदहापर्यंत स्कूटरवरून पिशवी दारात. पोचवायचे 30 रुपये वेगळे. मासा उत्तम, त्यात खोट काढणार नाही. सुरमईच्या तुकड्या एकसारख्या जाडीच्या, कोलंबीचा काळा दोरा काढलेला. मे महिन्यात एकदा बर्फाचं पाणी झालेलं होतं, पण पैसे न मागता परत मिळाले. मांदेली मात्र साफ करून देत नाहीत, ती घरीच निवडत बसावी लागतात. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा सुके बोंबील आणि सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोलंबी, पाठवतात. सोडे महाग, पण वाळू नाही.

आता कुरकुर.

हा धंदा मुळात त्या पोराच्या आईचा. वीसेक वर्षं मावशी पाटी घेऊन सकाळच्या एसटीने यायच्या आणि आमच्या पायरीवर टेकायच्या. “वहिनी, पाणी आणा आधी.” मग बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलून दाखवायचा, “बघा, लालबुंद.” हिने बोट पोटावर दाबून म्हणायचं, “हा कालचा.” मावशींनी दर्याची शपथ घ्यायची. भाव शेवटी कितीवर तुटणार हे दोघींना पहिल्या मिनिटाला माहीत असे, तरी दहा मिनिटं घासाघीस चाले. त्या दहा मिनिटांत कुणाची होडी अजून आली नाही, कुणाच्या मुलीला बघायला मंडळी येऊन गेली, आमच्या शेजारणीचा गुडघा कसा आहे, सगळं होऊन जाई. फोटोत कल्ला लालच दिसतो. सगळेच बांगडे ताजे. दाबून बघायचं काय, स्क्रीन?

निसर्ग चक्रीवादळ 3 जून 2020 ला आलं, तेव्हाची गोष्ट सांगतो. टॉवर पडलेले, वीज गेलेली, मोबाईल म्हणजे नुसता डबा. चौथ्या-पाचव्या दिवशी मावशी दारात. मासेमारी ठप्प, हातात काही नाही. मी म्हटलं, “आज काय आणलंत?” तर म्हणाल्या, “काय आणणार? तुमची कौलं किती गेली ते बघायला आले.” तासभर पडवीत बसल्या. स्वतःच्या घराचे पत्रे उडालेत हे निघताना, चपला घालता घालता सांगितलं.

गेल्या वर्षी त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि पोराने मोबाईलवर धंदा बसवला. हुशार पोरगा आहे. घोटाळा केला तो मीच.

मी टपाल खात्यातला. बरीच वर्षं तारेच्या खिडकीवर काढली. तार बंद झाली जुलै 2013 मध्ये, पण सवय गेली नाही. तारेत शब्दाला पैसे पडत, म्हणून ‘आई गंभीर ताबडतोब निघा’ यापलीकडे कुणी जात नसे. शुभेच्छांना तर ठरलेले क्रमांक असत. गिऱ्हाइकाने आकडा लिहायचा, पलीकडे आख्खं वाक्य उमटायचं. आजच्या अंगठ्यांचे आणि हसऱ्या तोंडांचे ते आजोबाच. पण एक फरक होता. तार घेऊन माणूस यायचा. घरात वाचता येणारं कुणी नसेल तर तो वाचून दाखवी, आणि बातमी वाईट असेल तर लगेच सायकलवर टांग टाकत नसे.

तर झालं असं. एका शुक्रवारी पोराचा मेसेज, ‘काका आज सुरमई नाय भेटली, उद्या देतो’. मी लिहिलं, ‘बरं.’ माझ्या हिशेबी विषय संपला. त्याने हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. मी पाहिली. मग ‘सॉरी काका’. तेही पाहिलं. तिकडे त्याला दोन निळ्या टिका दिसताहेत आणि मी गप्प, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सुरमई आली, पण पोराने पिशवी कडीला अडकवली आणि बेल न वाजवता गेला. पुढे चार दिवस ‘काका काय पाठवू?’ हा रोजचा मेसेज बंद.

पाचव्या दिवशी संध्याकाळी लिलावाला हर्णैला गेलो. वाळूत बैलगाड्या, समोर सुवर्णदुर्ग, नेहमीचा गलका. मावशींनी मला पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“काय झालं?”

“तुम्ही रागावलात म्हणे.”

“कोण म्हणतं?”

“पोरगा. नुसतं ‘बरं’ लिवलंत. वर टिंब दिलंत.”

पूर्णविराम! शाळेत न दिल्याबद्दल छड्या खाल्ल्या, आणि आता दिला म्हणून हे. मी मान हलवून तोंडाने म्हणून दाखवलं, “बरंऽ, उद्या द्या.” मावशी हसायला लागल्या. “अस्सं होय! हे बरं येगळं.” मग ‘बरं बरं’, ‘बरं का’, ‘बरं मग’ असे सगळे प्रकार म्हणून झाले. पोरगा बाजूला बर्फ फोडत ऐकत होता, कानापर्यंत लाल. दोन मिनिटांचं काम, पाच दिवस लोंबकळलं. बाजूला लिलावात हजारोंचे सौदे नुसत्या भुवया उडवून होत होते, तिथे कुणाचा गैरसमज होताना दिसला नाही.

तेव्हापासून मी ‘बरं रे बाळा’ लिहितो. सहकाऱ्यांनी तारेच्या खिडकीत ऐकलं असतं तर दोन शब्द फुकट घालवले म्हणाले असते.

माशाला पाचपैकी पाच, वेळेला चार. गप्पांना गुण देत नाही, ते त्यांनी विकायलाच काढलेलं नाही. घेणाऱ्यांसाठी दोन सूचना. पोराने अंगठा पाठवला तर त्याचा अर्थ ‘वाचलं’, ‘पाठवतो’ नव्हे. आमच्याकडे पाहुणे आले त्या दिवशी हे कळलं आणि सगळ्यांना कुळथाचं पिठलं खावं लागलं. आणि गाबोळीवाली, म्हणजे पोटात अंडी असलेली, मासळी हवी असेल तर फोटोवर जाऊ नका. ग्रुपवरच्या नंबरला फोन करा आणि मावशींना द्यायला सांगा. सकाळी सातच्या आत करा. नंतर त्या लिलावात असतात, काही ऐकू येत नाही.